भाकरी सोडू नका, तिची वेळ बदला

वजन उतरवायला पोळी-भात कमी केला आणि जिममध्ये तिसऱ्या सेटलाच हात लटपटायला लागले. ठाण्याला लोकलमधून उतरून थेट जिम गाठायचो, पोटात दुपारचं काकडी-पनीर. मग एवढंच बदललं:

१. व्यायामाच्या दिवशी एकच ज्वारीची भाकरी (साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं), तीही वजनं उचलण्याआधी दीड-दोन तास. मी ऑफिसातच पाच वाजता अंडाभुर्जीसोबत खातो. डबा उघडला की शेजारचे नाक मुरडतात, मुरडू देत.

२. बाकी जेवणात अंडी, पनीर, चिकन किंवा बांगडा आणि पालेभाजी. जिमला सुट्टी त्या दिवशी भाकरीलाही सुट्टी.

३. कर्बोदकं घटली की लघवीवाटे पाणी आणि मीठ जास्त जातं. दुपारच्या ताकात चिमूटभर मीठ टाकलं, तेव्हा माझी चक्कर थांबली.

वजनाचा काटा रोज बघू नका, पहिल्या आठवड्यात उतरतं ते बरंचसं पाणीच. रविवारी सकाळी उपाशीपोटी बेंबीपाशी टेप लावून कंबर मोजा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम उतरू शकते. बीपी असेल तर मिठाचंही विचारा.