सर्वेक्षणात उंची-वजन कसं विचारावं आणि कसं मोजावं

‘माणूस सांगेल ते लिहा, थोडं इकडंतिकडं चालतं’ हा सल्ला ऐकू नका. लोक सहसा उंची वाढवून आणि वजन कमी करून सांगतात, आणि दोन्हींमुळं बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा) खालीच येतो. १५८ सेंमी, ६४ किलोच्या बाईंनी १६३ आणि ६१ सांगितलं, की त्यांचा २५.६ बीएमआय २३च्या खाली जातो. आपल्याकडं २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. म्हणजे ज्यांची रक्तातली साखर तपासायला हवी, त्याच यादीतून निसटतात.

मोजणार आहोत हे आधीच सांगून परवानगी घ्या. तसं केलं की लोकांनी सांगितलेला आकडाही जरा सुधारतो; फोनवर आपण मोजणार नसतो, म्हणून तिथं मिळालेल्या आकड्याला तेवढं खरं धरू नका.

खरं अवघड काम विचारण्याचं. साताऱ्याकडं कुठल्याही गावात वही उघडली की ओट्यावर चार माणसं जमतातच. सासूसमोर सुनेला वजन विचारू नका. ‘ताई, जरा आत बसून बोलू’ म्हणा. उत्तर तोंडात घालू नका. ‘पंचावन्न असेल ना?’ म्हटलं की ‘हां, तेवढंच’ येणार. ‘वजन किती?’ एवढं विचारून गप्प बसा.

आणि प्रत्येक आकड्यामागं ‘कधी मोजलं होतं?’ हे विचाराच. यात मी तडजोड करत नाही. माण-खटावातले निवृत्त फौजी आजोबा ताठ बसून ‘पाच फूट आठ’ सांगतात, ती भरतीच्या वेळची उंची असते. मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, पाठीला बाक येतो, उंची खरंच घटते; आजोबा खोटं बोलत नसतात. काकूंनी सांगितलेलं वजन गरोदरपणातल्या कार्डावरचं असतं आणि ते पोरगं आता हायस्कूलला जातं. त्याच घरातला भरतीची तयारी करणारा नातू मात्र उंची अचूक सांगतो, कारण सेंटिमीटरभर कमी पडलं तर त्याला मैदानातूनच परत पाठवतात.

‘माहीत नाही’ हेही उत्तर आहे, तसंच लिहा. नजरेनं अंदाज बांधून रकाना भरणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही. फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत घ्या. ‘पाच-दहा’ हे ५.१० असं टाकलं की संगणक ५.१ करतो आणि माणसाचे नऊ इंच जातात.

मोजताना चप्पल, टोपी, फेटा काढायला आणि अंबाडा सोडायला सांगा. टाचा भिंतीला, नजर सरळ समोर. काटा सारवलेल्या जमिनीवर नको, सपाट फरशीवर ठेवा.

सांगितलेला आकडा खोडू नका. मोजलेला त्याच्या शेजारी लिहा. सगळ्यांना मोजणं जमणार नसेल तर चिठ्ठ्या टाकून काही घरं निवडा, तिथं सगळ्यांना मोजा आणि बायका, पुरुष, म्हातारी माणसं यांचा फरक वेगवेगळा काढा. सांगितलेल्या आकड्यावरून खरा आकडा काढायचं परदेशी अभ्यासातलं सूत्र उचलून जत-तासगावच्या आकड्यांना लावू नका. तिथली माणसं वेगळी, त्यांची सांगायची सवय वेगळी.

रानात गेलेल्या माणसाचं उंची-वजन बायकोला विचारून भरू नका. संध्याकाळी धारा काढायच्या वेळेला परत जा, तेव्हा तो गोठ्यात सापडतो.