लंडनच्या पाण्यात धुतलेले केस चिकटच का राहतात

लंडन, रेडिंग, लूटन या पट्ट्यात नव्याने राहायला आलेल्यांची महिन्या-दीड महिन्यात एक तक्रार ठरलेली असते: केस धुतले तरी धुतल्यासारखे वाटत नाहीत. मग शाम्पू बदलतो, तेल बदलतं, शेवटी शॉवरला लावायचा महागडा फिल्टर घरात येतो. काहीही विकत घेण्याआधी केसांवर नेमकं काय बसलंय ते ओळखा. तेल, कंडिशनरचा थर आणि पाण्यातले क्षार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

केस धुतल्यावर दुसऱ्या दिवशी टाळूवर टिश्यू पेपर दाबून पाहा. कागदावर पारदर्शक डाग उमटला तर ते तेल. मुळं बरी, पण मधल्या भागापासून टोकांपर्यंत केस मेणचट, लोंबते आणि ओले असताना निसरडे लागत असतील तर तो कंडिशनर-सीरमचा थर. आणि फेस होत नसेल, वाळल्यावर केस एकाच वेळी राठ आणि चिकट वाटत असतील, फणीच्या दातांत पांढुरकी पूड साठत असेल, तर क्षार. बहुतेकांच्या डोक्यावर यातल्या दोन तरी गोष्टी एकत्र असतात.

क्षारांचं कारण जमिनीत आहे. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी मिळतं, म्हणजे काळ्या कातळावरून धरणात उतरलेलं पावसाचं पाणी. लंडनचं पाणी थेम्स आणि ली या नद्यांतून आणि खडूच्या खडकातून येतं. त्यात बहुतेक भागांत लिटरमागे 250 मिलिग्रॅमच्या आसपास किंवा जास्त क्षार असतात. बोअरच्या पाण्यावर वाढलेल्यांना हे जड पाणी चांगलं माहीत असतं, धरणाच्या पाण्याची सवय असलेले गोंधळतात. तुमच्या पाणी कंपनीच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की नेमका आकडा मिळतो. मँचेस्टर, बर्मिंगहॅम किंवा ग्लासगोला राहत असाल तर तिथलं पाणी हलकं आहे. खालचा क्षारांचा भाग सोडून द्या.

सगळ्यात जास्त घोटाळा साबणाच्या वडीने होतो. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतं, आणि तो केसांवरच बसतो. भारतीय दुकानात मिळणारी शिकेकाईची वडी बहुतेक वेळा साबणच असते. मागचं लेबल वाचा: सुरुवातीलाच सोडियम पाल्मेट किंवा सोडियम कोकोएट असेल तर इथे ती डोक्याला लावू नका. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असलेली शाम्पूची वडी चालते, कारण ती साबण नाही.

साठलेले क्षार काढायला चिलेटिंग, म्हणजे क्षारांना पकडून सोडवणारा, शाम्पू लागतो. बाटलीवर ‘हार्ड वॉटर’ किंवा ‘स्विमर्स’ असं लिहिलेलं असतं. घटकांत टेट्रासोडियम ईडीटीए किंवा सोडियम ग्लुकोनेट शोधा. आधी साध्या शाम्पूने एकदा धुवा, नाहीतर वरच्या तेलामुळे हा शाम्पू क्षारांपर्यंत पोचतच नाही. मग तो लावून 3 ते 5 मिनिटं ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. केस रंगवलेले असतील तर महिन्यातून एकदाच, कारण रंगही उतरतो.

मधल्या आठवड्यांत पांढरं व्हिनेगर, 5 टक्के आम्लतेचं, 1 लिटर पाण्यात 1 मोठा चमचा (15 मिली) मिसळून शाम्पूनंतर केसांवर ओता, मिनिटभराने धुऊन टाका. सफाईसाठीचं तीव्र व्हिनेगर नको, लिंबू थेट चोळणं नको, खाण्याचा सोडा तर मुळीच नको. त्याने केस अजून राठ होतात.

शॉवरचे बहुतेक फिल्टर क्लोरीन कमी करतात, कॅल्शियम काढत नाहीत. भाड्याच्या घरात स्वस्त मार्ग वेगळा आहे. 2 लिटर पाणी पातेल्यात 5 मिनिटं खळखळ उकळा आणि रात्रभर निवू द्या. तळाशी पांढरा साका बसेल, तो न हलवता वरचं पाणी तांब्याने शेवटच्या धुण्याला वापरा. इथलं जडपण मोठ्या प्रमाणात उकळून जाणारं असल्यामुळे हे खरंच उपयोगी पडतं.

आता तेल. खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं, आणि इथल्या घरात थंडीत तेवढं तापमान क्वचितच असतं. रात्रभर थापलेलं तेल सकाळी कोमट पाण्याने निघत नाही. खांद्यापर्यंतच्या केसांना 1 छोटा चमचा पुरे. बाटली गरम पाण्यात ठेवून तेल पातळ करा आणि धुण्याआधी तासभर फक्त लांबीला लावा. उतरवताना तेलकट केसांवर, पाणी न लावता, आधी कंडिशनर चोळा. तेल त्यात मिसळून सुटतं. मग शाम्पू दोनदा. कोंडा असेल तर टाळूला तेल बंदच ठेवा, कारण कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते. किटोकोनॅझोल 2 टक्के शाम्पू इथे फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतो: आठवड्यातून दोनदा, 3 ते 5 मिनिटं ठेवून, 2 ते 4 आठवडे.

कंडिशनरच्या थराचं कारण बहुधा सल्फेट नसलेला शाम्पू आणि डायमेथिकोन (एक प्रकारचं सिलिकोन) असलेलं सीरम ही जोडी असते. डायमेथिकोन पाण्यात विरघळत नाही आणि सौम्य शाम्पूला दाद देत नाही. एक तर सीरम सोडा, नाहीतर आठवड्यातून एकदा सोडियम लॉरेथ सल्फेटचा साधा शाम्पू वापरा. ड्राय शाम्पू तेल शोषतो, काढत नाही. त्यावर दोन दिवसांपेक्षा जास्त काढू नका. फणी, ब्रश आणि उशीचा अभ्राही त्याच आठवड्यात धुवा, नाहीतर काढलेला थर परत डोक्यावर येतो.

एक गोष्ट मात्र पाण्यावर ढकलू नका. क्षारांनी केस राठ होऊन मधूनच तुटू शकतात. मुळासकट पुंजक्याने गळत असतील तर स्थलांतराचा ताण, आजारपण, लोहाची कमतरता किंवा थायरॉईड यांचा संशय घ्या आणि जीपीकडून, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून, रक्त तपासून घ्या.