मेटाडेटात संपादक, अनुवादक, संकलक: कोणाचं नाव कुठे भरायचं

समजा, कानबाईच्या अहिराणी गाण्यांवर एक लेख आहे. लिहिला एकाने, अमळनेर तालुक्यात गावोगाव फिरून गाणी रेकॉर्ड केली एका विद्यार्थिनीने, मराठी अनुवाद तिसऱ्याचा, संपादन चौथ्याचं. होतं असं, की मेटाडेटात, म्हणजे यंत्रणेसाठी भरलेल्या लेखाच्या माहितीत, लेखक एकटाच जातो आणि बाकीचे तिघं शेवटच्या 'आभार' परिच्छेदात बसतात. ती ओळ माणूस वाचतो. नावावरून शोध घेणाऱ्या यंत्रणेला ती दिसत नाही.

लेखाचा डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) डेटासाइट या संस्थेचा असेल तर लेखक 'क्रिएटर'मध्ये आणि उरलेले 'कॉन्ट्रिब्युटर'मध्ये भरा. प्रत्येक कॉन्ट्रिब्युटरला प्रकार द्यावाच लागतो: संपादकाला 'एडिटर', गाणी जमवणारीला 'डेटा कलेक्टर', अनुवादकाला 'ट्रान्सलेटर'. हा शेवटचा प्रकार डेटासाइटच्या मेटाडेटा-आराखड्याच्या 4.6 आवृत्तीत आला. फॉर्म जुना असेल तर 'अदर' निवडा. डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ या दुसऱ्या संस्थेत लेखक, संपादक, अनुवादक एकाच यादीत येतात आणि प्रत्येकाची भूमिका नावासोबत लिहिली जाते.

डेटासाइटवर आयता तयार होणारा संदर्भ क्रिएटरवरून बनतो, त्यात कॉन्ट्रिब्युटर सहसा येत नाहीत. म्हणून संपादकाला क्रिएटरमध्ये ढकलायचा मोह होतो. तसं केलं की तो सहलेखक ठरतो! नियतकालिकाच्या अंकाचा संपादकही 'एडिटर' म्हणून नको. ज्याने हा लेख हाताळला, तोच.

संशोधनात कोणी काय काम केलं हे सांगणाऱ्या क्रेडिट या 14 भूमिकांच्या यादीत 'लेखन: परीक्षण व संपादन' अशी भूमिका आहे, ती पाहून बरेच जण फसतात. ती मूळ संशोधन गटातल्या माणसांसाठी आहे, प्रकाशनाच्या संपादकासाठी नाही.

खरी अडचण नावांची. खान्देशात 'एस. पाटील' म्हटलं तर कोणता? आद्याक्षरं टाळा. स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये, आडनाव 'फॅमिली नेम'मध्ये. रोमन स्पेलिंग ज्याचं त्यालाच विचारा. एकच चौधरी तीन तऱ्हांनी लिहिला जातो. गायिकेचं नाव द्यायचं तर आधी तिची संमती घ्या. ती एकच नाव सांगत असेल, तर क्रॉसरेफमध्ये ते आडनावाच्या रकान्यात भरा, कारण तोच रकाना सक्तीचा आहे.

ऑर्किडचे (संशोधकाच्या ओळख-क्रमांकाचे) 16 अंक त्या माणसाकडूनच मागून घ्या, नावावरून शोधून चिकटवू नका. नाहीतर लेख भलत्याच पाटलांच्या खात्यावर जोडला जातो. शेवटी अंकाऐवजी इंग्रजी एक्स दिसला तर तो खोडू नका, तो तपासणी-अंक आहे आणि चालतो. क्रमांक पूर्ण दुव्यासह भरा.

चूक नंतर सापडली तर त्याच डीओआयचा मेटाडेटा पुन्हा पाठवा. नवा डीओआय काढलात, तर एकाच लेखाच्या दोन नोंदी होतात आणि त्याचे संदर्भ दोघींत वाटले जातात.