आबांचा जुना अँप आणि कॉम्प्युटर: जोडणी कशी केली

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेत शिरलं, तेव्हा आम्ही सगळ्यात आधी उचलला तो आबांचा अँप्लिफायर. गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. पाणी ओसरलं, सोपा धुऊन-पुसून झाला, पण अँप वरच राहिला आणि आबा मोबाइलवर गाणं ऐकू लागले. एकदा सहज म्हणाले, "ऐकू येतंय गं, पण खर्ज कुठाय?" मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला तंबोऱ्याचा खर्ज पेलत नाही. त्यांच्या कॅसेटी मी केव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या होत्या. म्हणजे गाणं एका खोलीत होतं आणि ते वाजवणारे स्पीकर दुसऱ्या. मध्ये कमी होती ती एका वायरीची.

वायरीच्या आधी अँपचं बघा. वर्षानुवर्षं बंद पडलेला अँप थेट भिंतीतल्या सॉकेटला लावू नका. आतले कपॅसिटर पडून पडून खराब होतात आणि शॉर्ट असेल तर ट्रान्सफॉर्मरच जळतो. रिपेअरवाले असा सेट सिरीज बल्ब लावून, म्हणजे वीज आधी एका बल्बमधून घेऊन, सुरू करतात. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर बहुतेक ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. हे काम त्यांच्याकडूनच करून घ्या. घरी करण्यासारखं काम म्हणजे मागची सॉकेटं पुसणं. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांच्यावर काळपट थर धरतो आणि मग एक बाजू मधूनच गायब होते. प्लग काढून ठेवा आणि कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन प्रत्येक सॉकेट चकचकीत होईपर्यंत पुसा. माझ्या सहा काड्या काळ्या झाल्या.

आता वायर. कॉम्प्युटरच्या मागे साउंड कार्डची तीन रंगीत भोकं असतात. गुलाबी माइकचं, निळं आवाज आत घेण्याचं आणि हिरवं आवाज बाहेर देण्याचं. आपल्याला हिरवं हवं. पुढच्या बाजूलाही हेडफोनचं भोक असतं, पण तिथवर जाणारी वायर कॅबिनेटच्या आतून फिरत येते आणि वाटेत खरखर उचलते, म्हणून मागचंच वापरा. लॅपटॉप असेल तर हेडफोनचं भोक चालतं. दुकानात "स्टीरिओ पिन टू आरसीए" मागा: एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन, दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढरी अशा दोन. पिनेवर दोन काळ्या रिंगा आहेत का ते बघून घ्या. एकच रिंग असेल तर ती मोनो पिन, तिने एक बाजू शॉर्ट होते. मला टेबलापासून कपाटापर्यंत पाच मीटर वायर लागली. तेवढ्या लांबीला काही बिघडत नाही.

लाल पिन उजवीकडची, पांढरी डावीकडची. अँपच्या मागे 'ऑक्स' लिहिलेलं असेल तिथे ती जोडी लावा. 'ऑक्स' नसेल तर 'टेप इन', 'सीडी' किंवा 'ट्यूनर'ही चालतं. 'फोनो' मात्र नको, आणि ते का, हे समजून घेण्यासारखं आहे. रेकॉर्ड प्लेअरची सुई जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट देते. ते वाढवायला फोनोच्या आत वेगळं सर्किट असतं आणि ते खालचे सूर मुद्दाम उचलून वरचे दाबतं, कारण रेकॉर्ड कापताना नेमकं उलटं केलेलं असतं. साउंड कार्ड देतं एक व्होल्टच्या आसपास. फोनोत लावलंत तर फाटका, ढबढबता आवाज येईल. अगदी जुन्या अँपला गोल, पाच पिनांचं सॉकेट असतं. त्यालाही तयार वायर मिळते, फक्त ती अँपच्या आत आवाज नेणारी हवी, म्हणजे ३ आणि ५ नंबरच्या पिनांना जोडलेली. स्पीकर जिथे लावतो त्या क्लिपांमधून कॉम्प्युटरकडे कधीही वायर नेऊ नका, कार्ड जळेल.

जोडताना दोन्ही बंद ठेवा. आधी कॉम्प्युटर सुरू करा, मग व्हॉल्यूम शून्यावर ठेवून अँप. कॉम्प्युटरचा आवाज नव्वदच्या आसपास ठेवा आणि कमी-जास्त अँपवरूनच करा. कॉम्प्युटरवर कमी ठेवून अँप वाढवलात तर गाण्याबरोबर सळसळही वाढते. डावं-उजवं तपासायला अलीकडचं स्टीरिओ रेकॉर्डिंग घ्या. मी आधी केसरबाई केरकरांचं गाणं लावून बसले होते, पण त्या काळचं मुद्रण मोनो, दोन्हीकडून सारखंच येणार.

आमच्याकडे वायर लावताच घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. आबा लगेच म्हणाले, "हा खर्ज नव्हे." घरातली वीज ५० हर्ट्झची, तोच हा आवाज. दोन उपकरणांची अर्थिंग दोन वाटांनी जोडली गेली की त्या फेऱ्यातून तो घुसतो. दोघांचेही प्लग तीन पिनांचे असतील तर ते एकाच बोर्डावर आणले की बहुतेक वेळा थांबतो. आमच्या अँपचा प्लग दोन पिनांचा, त्यामुळे तसं करून काहीच फरक पडला नाही. मग अँपला लागलेली एकेक वायर काढत गेले. टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सची काढली आणि घर एकदम शांत झालं. केबलवाल्याच्या वायरीतून आलेली अर्थिंग अँपमार्गे कॉम्प्युटरच्या अर्थिंगला भेटत होती. बॉक्स आणि अँपच्या मध्ये 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी डबी बसवली. आत दोन लहान ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज जातो पण वायर वायरीला भिडत नाही. काही जण यावर तिसरी पिन कापायचा सल्ला देतात. कृपा करून तसं करू नका. ती पिन शॉक लागू नये म्हणून आहे, आणि ओल धरणाऱ्या आपल्या भिंतींच्या घरात तर ती हवीच.

एक शेवटचं. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'साउंड्स' टॅबवर जाऊन 'नो साउंड्स' निवडा. मी ते विसरले होते. आबा डोळे मिटून आलाप ऐकत होते आणि मध्येच मेल आल्याची टिंग दोन्ही स्पीकरमधून अशी वाजली की त्यांच्या हातातली कपबशी हिंदकळली.