‘सवय होईल’ म्हणून ढकलू नका: न्यूरोडायव्हर्जंट मुलांना घरी खंबीर करताना या चुका टाळा

ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवण्याची, चंचलतेची अडचण) किंवा डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाची अडचण) असलेलं, म्हणजे न्यूरोडायव्हर्जंट (मेंदूची घडण वेगळी असलेलं) मूल घरात असलं की एक सल्ला हमखास मिळतो: ‘आत्तापासून सवय लावा, जग काही त्याच्यासाठी थांबणार नाही.’ काळजी खरी आहे, पण उपाय चुकतो. अडचण पेलण्याएवढीच असेल, तिच्यातून बाहेर पडायची वाट मुलाला ठाऊक असेल आणि शेवट बरा होत असेल, तरच मूल खंबीर होतं. यातलं एक जरी नसलं तरी ते नुसतं सोसतं. सोसून दमलेलं मूल पुढच्या वेळी आणखी लवकर कोलमडतं.

आवाजात आणि गर्दीत एकदम नेणं

अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात ही तक्रार दरवर्षी येते. घर लालबाग-परळच्या बाजूचं, मूल सहा-सात वर्षांचं, कुकरच्या शिट्टीलाही कान झाकणारं. मामा म्हणतो, ‘खांद्यावर घे रे त्याला, दोन मिनिटं रडेल, मग नाचेल.’ पोराला थेट ढोल-ताशा पथकाजवळ नेतात. ते आधी कान दाबतं, किंचाळतं आणि मग एकदम गप्प होतं. अंग ताठ, नजर स्थिर. मोठ्यांना वाटतं, ‘बघ, झाली सवय.’ खरं तर ते मूल आतून बंद झालेलं असतं. रात्री झोप नाही, दुसऱ्या दिवशी जिना उतरायला नकार, आणि आता मिक्सर लावला तरी ते पलंगाखाली जातं. जिना, रस्ता, मामा, ढोल हे सगळं त्याच्या मेंदूत एकाच भीतीला जोडलं गेलेलं असतं. ती गाठ सुटते न सुटते तोच दिवाळीचे फटाके सुरू होतात.

हेच काम चार आठवडे आधी सुरू करा. ढोलाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर सगळ्यात कमी आवाजात, 20 ते 30 सेकंद, दिवसातून दोनदा लावा. बंद करायचं बटण मुलाच्याच हातात द्या. आपण थांबवू शकतो हे कळल्यावरच ते ऐकायला तयार होतं. सलग तीन दिवस शांतपणे ऐकलं की आवाज एक पायरी वाढवा. अंग आखडलं, बोटं चावायला लागलं की एक पायरी खाली या. त्यानंतर खिडकीतून लांबचा आवाज, मग एखाद्या पथकाचा सराव मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून. मिरवणूक अगदी शेवटी, तीही पाचच मिनिटं. मूल मजेत असतानाच परत फिरा. ‘आवडतंय तर अजून थोडं थांबू’ या मोहापायी महिन्याची मेहनत वाया जाते.

कानात कापूस घालून भागत नाही, कानावर बसणारे इअरमफ घ्या. चांगले इअरमफ साधारण 20 ते 25 डेसिबल आवाज कमी करतात. मिरवणुकीचा आवाज सहज 100 च्या पुढे जातो, म्हणजे मफ लावूनही 75-80 उरतोच. तेव्हा मफ आहेत म्हणून पुढे सरकू नका. दिवसभर मात्र ते घालून ठेवू नका, नाहीतर साधा पंखाही खुपायला लागतो.

मेल्टडाउन चालू असताना समजावणं

मेल्टडाउन म्हणजे आवाज, गर्दी किंवा ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं. तो हट्ट नव्हे. हट्टात मूल समोर कोण बघतंय याचा अंदाज घेतं आणि हवी ती वस्तू मिळाली की थांबतं. मेल्टडाउनमध्ये वस्तू मिळूनही ते थांबत नाही, कारण थांबणं त्या वेळी त्याच्या हातातच नसतं. तेव्हा ‘का केलंस? किती वेळा सांगितलं?’ हे शब्द त्याच्यासाठी आणखी आवाजच असतात. टीव्ही आणि मिक्सर बंद करा, भावंडांना शेजारी पाठवा. समोर उभं राहू नका. बाजूला, त्याच्यापेक्षा खाली बसा. एकच वाक्य, हळू: ‘मी इथे आहे.’ मग गप्प. वादळ ओसरल्यावरही अंग शांत व्हायला वीस-तीस मिनिटं, कधी तास लागतो. आधी पाणी, खाऊ. बोलणं संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी, तेही चित्र काढत.

वन रूम किचनमध्ये वेगळी खोली कुठून आणायची? कपाट आणि भिंत यांच्यामधली दोन फूट जागा पुरते. तिथे चादरीचा आडोसा, एक जाड गोधडी, मुलाच्या आवडीची वस्तू. गोधडी मुलाला स्वतःहून बाजूला करता आली पाहिजे. त्या कोपऱ्यात शिक्षा म्हणून एकदाही पाठवू नका. एकदा जरी पाठवलंत, तरी तो कोपरा कायमचा हातचा जातो.

सगळं आपणच करून टाकणं

ही उलट बाजूची चूक, आणि सकाळच्या शाळेच्या घाईत सगळ्यांकडून होणारी. शर्टाची बटणं शिकवायची तर चार तुम्ही लावा, शेवटचं त्याला लावू द्या. ‘झालं!’ हा आनंद त्याच्या वाट्याला यायला हवा. आठवड्याने शेवटची दोन. बुटांचं, डबा भरण्याचंही असंच, शेवटच्या पायरीपासून मागे. सूचना दिली की मनात दहापर्यंत मोजा. बऱ्याच मुलांना ऐकलेलं पोचायलाच तेवढा वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला तीच सूचना वेगळ्या शब्दांत देऊन त्याची सुरुवात पुन्हा शून्यावर आणतो. मदत करायचीच तर आधी बोट दाखवा, मग करून दाखवा, हात धरून करवणं सगळ्यात शेवटी.

तक्ता पंधरा चित्रांचा, आणि बदलाची तयारी शून्य

दिवसातली कामं क्रमाने दाखवणारा चित्रांचा तक्ता पाचच चित्रांचा करा. इंटरनेटवरची चित्रं नकोत. त्याचाच ब्रश, त्याचंच दप्तर यांचे फोटो काढा, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घ्या, मागे वेल्क्रो लावा. उंची मुलाच्या डोळ्यांची.

शिवाय ‘बदल’ लिहिलेलं एक रंगीत कार्ड हवंच. पहिले काही दिवस ते फक्त चांगल्या बदलासाठी वापरा: आज पोळी-भाजीऐवजी डोसा. मग बऱ्या-वाईट काहीच नसलेल्या बदलासाठी, आणि नकोशा बदलासाठी अगदी शेवटी. रविवारी आजीकडे लोकलने जायचं असेल तर शनिवारीच मेगाब्लॉक बघून ठेवा. गाड्या बंद असतील तर ‘ट्रेन’ काढून तिथे ‘बदल’ आणि ‘बस’ ही दोन कार्डं मुलाच्या हातानेच लावून घ्या. प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर सांगितलंत तर कार्डाचा काही उपयोग होणार नाही.

काही चुका थोडक्यात. हात फडफडवणं, डुलणं थांबवू नका. मूल त्यानेच स्वतःला सावरतं. इजा होत असेल तरच पर्याय द्या. बक्षीस म्हणून मिळालेलं स्टिकर चूक झाली म्हणून परत काढून घेऊ नका. शाळेतून आल्या आल्या ‘आज काय काय झालं?’ विचारू नका; दिवसभर आवरून धरलेलं मूल घरी येऊन फुटतं, त्याला अर्धा तास खाऊ आणि शांतता द्या. काही मुलांना भूक-तहान कळतच नाही, त्यांना घड्याळ बघून द्या.

आणखी एक चूक मनाला लागते: ‘सवलत घेतली तर पोर कमकुवत होईल.’ डिस्लेक्सियासारखी शिकण्याची अक्षमता 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात येते. मुंबईत शीव, नायर या रुग्णालयांतून तिचं प्रमाणपत्र मिळतं आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती घेता येतात. अनेक फेऱ्या होतात, म्हणून नववीच्या शेवटाची वाट बघू नका. रोज अपमान गिळत लिहिलेल्या पेपरातून कुणी खंबीर होत नाही.

शेवटी घाईबद्दल. चार दिवस तक्ता, मग नवा व्हिडिओ, मग तिसरंच तंत्र, यात मुलाला काहीच धरता येत नाही. एक गोष्ट निवडा, निदान दोन आठवडे तीच करा, आणि घरातल्या सगळ्यांनी तीच करा, आजी-आजोबांनीसुद्धा. मूल अचानक बिघडलं तर मात्र तंत्र बदलण्याआधी दात, कान, बद्धकोष्ठता आणि झोप तपासून घ्या. सांगता न येणारं दुखणं बऱ्याचदा वागण्यातूनच दिसतं. डोकं आपटणं वाढलं किंवा येत असलेलं बोलणं गेलं, तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांची वेळ त्याच आठवड्यात घ्या.