मॅडमला भेटायला जाल तेव्हा

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, काय करता? म्हटलं, प्राथमिक शाळेत शिकवत होते, आत्ताच रिटायर झाले. "आरामच होता ना जी मग! अर्धा दिवस शाळा, उन्हाळा अख्खा मोकळा." मी वांग्याची भाजी वाढून घेतली अन् गप्प बसले. नागपुरात कळमन्याकडे 32 वर्षं शिकवलं, हे वाक्य किती वेळा ऐकलं त्याचा हिशेब नाही. त्या बाईंना सांगायचं राहिलं, ते आता पालकांना सांगते. पोरांच्या मॅडमला भेटायचं कसं, एवढंच.

आधी वेळ. प्रार्थनेच्या घंटेला फाटकात अडवू नका. खिचडीच्या वेळेलाही नको. तेव्हा मॅडम चव घेऊन वहीत नोंद करत असते, ताटं मोजत असते. शाळा सुटल्यावरची पंधरा मिनिटं चांगली. बाप कळमना मार्केटात हमाली करतो, माय धुण्याभांड्याला जाते, त्यांना ते कुठून जमणार? मग मावशीला पाठवा, नाहीतर पोरीच्या हाती चिठ्ठी द्या. एका माऊलीनं मला वहीच्या फाटक्या पानावर लिहून पाठवलं होतं, "हातचा समजला का तिले?" अख्ख्या वर्षात इतका नेमका प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नाही.

जाताना गुणपत्रक नको, वही न्या. माझ्या वर्गात 38 पोरं, भाषा अन् गणित अशा दोन वह्या, एका वहीला दोन मिनिटं. झाले 152 मिनिटं, म्हणजे अडीच तासांच्या वर, अन् तेही घरी, कुकरच्या शिट्ट्या मोजत. त्या लाल शाईत पाहा, एकच चूक तीनदा दिसते का? तिथंच बोट ठेवून विचारा. "पोट्टं अभ्यासच नाही करून राहिलं" म्हटलं की मॅडमही "लक्ष द्या घरी" म्हणते अन् दोघी आपापल्या वाटेनं जातात.

आता कागद. शिक्षकाला खरी मदत करायची असेल तर ती इथं आहे, पण कोणी मानत नाही. जन्मदाखल्यावर श्रावणी, आधारवर शरावनी, शाळेच्या रजिस्टरात तिसरंच काही. ऑनलाइन माहिती जुळेपर्यंत मॅडम पालकांना फोन करत बसते, अन् तेवढे तास फळा कोरा राहतो. आधार, बँकेचं पासबुक, दाखला, तिन्हींवरचं नाव पहिलीतच एकसारखं करून घ्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती अन् निवडणूक सोडून शिक्षकांना बाकी अशैक्षणिक काम लावू नये. निवडणुकीची सूटही काही लहान नाही. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून लोकांना वाटतं सुट्टी लांब. मी बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारी, होते तेव्हा एका मे महिन्यात डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन पारडीच्या गल्ल्यांत मतदारांची दारं ठोठावत होते. पारा 45 च्या घरात.

घरी पोरासमोर "तुझ्या मॅडमला काय येते" म्हणू नका. तिसरीतल्या एकानं मला सरळ सांगितलं, "पप्पा म्हणते तुम्ही फुकटचा पगार खाता." मी त्याच्याकडून वजाबाकी करून घेतली, पण त्या दिवसापासून तो माझ्याकडे बघायचा तो पप्पांच्याच डोळ्यांनी. नवीन शिक्षणसेवक पोरगी असली तर तिचंही ऐका. तिला तीन वर्षं मानधनावर काढायची असतात. 2023 च्या सुरुवातीपर्यंत प्राथमिकला महिन्याचे 6 हजार होते, मग 16 हजार झाले. मिहानच्या कंपन्यांत गार्डाला किती मिळतात, विचारून पाहा.

तक्रार जरूर करा. आम्ही काही देव नाही. आधी एकट्यानं, तारीख सांगून, मॅडमलाच. पालकांच्या व्हाट्सअप ग्रुपवर नाही. मारलं असेल तर मात्र थेट मुख्याध्यापकांकडे, लेखी. पोराला मारणं कायद्यानं बंद आहे, तिथं माझ्या जातभाईंची बाजू मी घेणार नाही. अन् शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जा. तीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, निम्म्या बायका. माझ्या वेळी सह्यांचं रजिस्टर भरलेलं असायचं, खुर्च्या रिकाम्या. चहा मिळतो, थंड असतो बहुतेक.