‘परवान्यावर ट्रान्सपोर्ट नाही’ म्हणून टेम्पोचा क्लेम नाकारला, तेव्हाचा माझा अनुभव

माझा मालवाहू टेम्पो मीच चालवतो. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ट्रान्सपोर्टची नोंद नाही, या कारणास्तव विमा कंपनीने माझा अपघाताचा क्लेम नाकारला. एजंटकडे घातलेल्या खेपा वाया गेल्या आणि फार मनस्ताप झाला. उपयोग झाला तो असा: आधी नकार लेखी घेतला, मग आरसीच्या प्रतीवर भारासह एकूण वजनाच्या, म्हणजे ४,९९५ किलोच्या, आकड्याखाली लाल रेघ मारली, आणि ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनास हाच परवाना पुरतो, हा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ६ नोव्हेंबर २०२४ चा निकाल जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज दिला व पोच घेतली. क्लेम मंजूर झाला. महिनाभरात उत्तर न आल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. धोकादायक माल किंवा ७,५०० किलोंवरील ट्रक असल्यास मात्र ही सवलत नाही.